मॅचला रेफरीला शिव्या पडतात ना? मग ही कामं शिट्टी वाजायच्या आधी करा

आधी स्वतःचंच पाप सांगून टाकतो. सात-आठ वर्षं झाली असतील, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फुटबॉलची टूर्नामेंट होती, मी लाइनीला चिकटून उभा, हातात भज्यांचा कागद. समोरच्या टीमनं थ्रो-इन टाकला, म्हणजे बाजूच्या लाइनीबाहेर गेलेला बॉल हातानं आत फेकला, त्यांचा एक पोरगा आमच्या गोलकीपरच्या नाकासमोर एकटाच उभा होता, त्यानं बॉल आत ढकलला अन रेफरीनं गोल दिला. माझं डोकंच फिरलं. "ए आंधळ्या, ऑफसाइड दिसंना का, किती घेतलेस?" मी ओरडलो अन माझ्या मागचे शंभरेक लोक सुरू झाले, पाच मिनिटं मॅच बंद. रेफरी कायच बोलला नाही. हाफटाइमला पाणी प्यायला आमच्याच बाजूला आला, बाटलीचं झाकण फिरवत एवढंच म्हणला, "दादा, थ्रो-इनवरनं ऑफसाइड नसतो."

खरंच नसतो. ऑफसाइड म्हणजे आपल्या माणसानं बॉल पास केला त्या क्षणाला समोरच्यांच्या हाफमध्ये बॉलच्या अन त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढं, गोलकडं उभं असणं. थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर, या तिन्हीवर बॉल थेट मिळाला तर ऑफसाइड नाहीच. आपण जगात जर्मनी भारतात परभणी म्हणत फिरतो, पण जर्मनीतला माणूस थ्रो-इनला ऑफसाइड मागत नसेल एवढं नक्की.

तेव्हापासनं मी आयोजकांच्या बाजूला आलो, आता दरवर्षी जानेवारीत टूर्नामेंट भरवायच्या कामात असतो, अन माझं मत असं झालंय की रेफरीला शिव्या पडणं हा रेफरीचा प्रॉब्लेम नाहीच, तो आयोजकांचा आहे. शिवी ऐंशीव्या मिनिटाला ऐकू येते पण तिची तयारी आपण सकाळी मैदान आखतानाच करून ठेवलेली असते. म्हणून जे सांगतो ते बहुतेक मॅचच्या आधीचं आहे.

शिवी कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

"ओ रेफरी, फाउल की!" ही शिवी नाही. "अरे बघ की जरा!" हीपण नाही. पब्लिक मैदानात आलंय ते गप बसायला नाही, आपल्याकडं तर कुस्तीच्या फडापासनं ओरडायची सवय आहे, ती मोडायला जाल तर पुढच्या वर्षी बघायला कोणी येणार नाही. आम्ही चार गोष्टी ठरवल्यात ज्या चालत नाहीत. आई-बहिणीवरनं बोलणं. जातीवरनं, धर्मावरनं, रंगावरनं बोलणं. "बाहेर ये दाखवतो" टाइप धमकी. अन चौथी, जी लोकांना शिवी वाटतच नाही, ती म्हणजे "किती घेतलेस" अन "मॅनेज झालाय". माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त हीच पडते अन रेफरीच्या मनाला सगळ्यात जास्त हीच लागते, कारण तो बिचारा मोटरसायकलवर स्वतःचं पेट्रोल जाळून साठ किलोमीटरवरनं आलेला असतो.

दोरी, चुना अन गाड्या

टच लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या लाइनीच्या, बाहेर दोन-अडीच मीटरवर दुसरी लाइन मारा अन तिच्यावर बांबू रोवून सुतळी बांधा. एवढंच. मला पण आधी हसू आलं होतं की सुतळीनं कोण थांबणार, पण माणूस थांबतो, कारण त्याला लाइनमनच्या कानात बोलता येत नाही, ओरडावं लागतं, अन ओरडलं की आजूबाजूचे बघतात. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २००८ साली रिस्पेक्ट नावाची मोहीम काढली, त्यांनी पण पोरांच्या मॅचला पालकांसाठी हेच केलं, बाजूला दोरी. तिकडं जे चालतं ते आपल्या सुतळीनं पण चालतं.

मोटरसायकली दोरीपाशी लावू देऊ नका. हे कुठं लिहिलेलं सापडणार नाही म्हणून सांगतो. गाडीवर बसलेला माणूस उंचावर असतो, चार मित्र टेकलेले असतात, अन कायबी झालं की हॉर्न वाजवायला मोकळा. गाड्या पार लांब, गेटपाशी. गोलच्या मागं कोणालाच उभं करायचं नाही. दोन्ही टीमचे बेंच एका बाजूला ठेवा अन पब्लिक दुसऱ्या बाजूला, म्हणजे कोच अन पब्लिक एकमेकाला चढवत नाहीत.

चुन्याचं पण सांगतो. आपली काळी माती, सतरा सप्टेंबरच्या आसपास मॅच ठेवली तर पाऊस, जानेवारीत ठेवली तर धूळ, दोन्हीकडनं सेकंड हाफपर्यंत पेनल्टी बॉक्सची लाइन गायब. मग फाउल आत झाला का बाहेर यावर जे भांडण होतं त्यात रेफरीचा काय दोष? हाफटाइमला एक पोरगं चुन्याची बादली घेऊन आत सोडा, बॉक्स अन गोललाइन परत मारून घ्या. निम्मी भांडणं तिथंच संपतात, म्हणजे मोजलेलं नाही मी, पण लई फरक पडतो.

पाकीट सकाळीच द्या

आमच्याकडं एकदा झालेली गोष्ट. फायनल संपली, जिंकलेली टीम ढोल वाजवायलीय, अन आमच्यातल्याच एकानं मंडपाच्या मागं रेफरीला मानधनाचं पाकीट दिलं. हरलेल्या टीमच्या एका पोरानं लांबनं मोबाइलमध्ये घेतलं. रात्री सगळ्या ग्रुपवर फिरलं, "बघा पैसे घेताना". व्हिडिओ खरा, पाकीट खरं, फक्त अर्थ खोटा, अन तो खोडायला आम्हाला आठ दिवस लागले. तो रेफरी नंतर कधी आला नाही.

तेव्हापासनं पत्रकावरच छापतो की रेफरी अन लाइनमनचं मानधन सगळ्या टीमच्या प्रवेश फीमधनं दिलं जाईल, अन देतो सकाळी, पहिल्या मॅचच्या आधी, टेबलावर, सही घेऊन, दोन्ही कॅप्टन उभे असताना. लपवण्यासारखं काय नाही तर लपवून द्यायचं कशाला.

रेफरी बाहेरचा आणा, हे वेगळं सांगायला नको. जिल्हा असोसिएशनला आधी विचारा, तिथनं नाही मिळाला तर दुसऱ्या तालुक्यातला पीटीचा सर बघा, पण होस्ट क्लबचा माजी खेळाडू उभा करू नका, तो कितीबी सरळ असू दे. अन प्रवेश फॉर्मवर दोन ओळी टाका: टीमच्या समर्थकांच्या वागण्याची जबाबदारी कॅप्टनवर राहील, अन रेफरीशी फक्त कॅप्टनच बोलेल. दुसरी गोष्ट युरो २०२४ मध्ये पण होती, मोठमोठे खेळाडू गप अन कॅप्टन एकटा बोलायचा, पोरांनी टीव्हीवर बघितलेलं असतं म्हणून लगेच पटतं. आम्ही हजार रुपये अनामत पण घेतो, राडा नाही झाला तर परत. हजार रुपये काय फार नाहीत, पण पोरांनी वर्गणी काढून भरलेले असतात, मग टीमच आपल्या माणसाला म्हणते गप बस बाबा आमचे पैसे जातील.

माइकवाल्याला आवरा

खरं सांगू का, मैदानातला सगळ्यात मोठा गुन्हेगार माइकवाला असतो. "अरेरेरे, काय हा निर्णय, प्रेक्षकहो तुम्हीच सांगा!" असं तो म्हणला की संपलं, पाचशे लोकांना परवाना मिळाला. त्याला आधीच बसवून सांगा की निर्णयावर एक शब्द नाही. गोल कोणी मारला, बदली कोण आलं, चहाचा स्टॉल कोणाचा, एवढंच बोल.

पण त्याच माइकचा उपयोगबी होतो. प्रत्येक मॅचच्या आधी दोन मिनिटं नियम सांगायचे, रांगड्या भाषेत, अन आपल्याकडं पब्लिक मिक्स असतं तर तेच परत दख्खनी हिंदीत. आम्ही हे सांगतो: बॉल लाइनीवर असला म्हणजे बाहेर नाही, अख्खा बॉल अख्ख्या लाइनीच्या पार गेला तरच बाहेर, गोललाइनला पण तेच. हाताला बॉल लागला म्हणजे दरवेळी हँडबॉल नाही, हात कुठं होता कसा होता ते रेफरी बघतो. स्वतःच्या हाफमध्ये उभा असेल तर ऑफसाइड नाही (अन थ्रो-इनवर नाही, हे मी स्वतः माइकवर येऊन सांगतो, लोक हसतात, त्यांना स्टोरी माहितीये). रेफरीनं दोन्ही हात पुढं केले म्हणजे त्याला फाउल दिसला नाही असं नाही, त्यानं ॲडव्हांटेज दिलाय, म्हणजे ज्यांच्यावर फाउल झाला त्यांचाच फायदा होतोय म्हणून खेळ चालू ठेवलाय, दोन-चार सेकंदात फायदा नाही झाला तर तो मागं येऊन फाउल देऊ शकतो. अन शेवटचं, खेळ परत सुरू झाला की रेफरीला स्वतःला वाटलं तरी आधीचा निर्णय बदलता येत नाही, नियमच तसा आहे, मग ओरडून काय मिळणार?

सेव्हन-अ-साइड असेल तर बरेच आयोजक ऑफसाइड ठेवतच नाहीत. ठेवलाय का नाही ते माइकवर अन पत्रकावर दोन्हीकडं सांगा.

पहिली शिवी पडली की

पहिल्या दहा मिनिटांत पडते. तिला सोडलं की पुढच्या ऐंशी मिनिटांचा रेट ठरून जातो.

रेफरीनं जायचं नाही. रेफरीनं वळून बघायचं पण नाही. पब्लिकला कार्ड दाखवता येत नाही, कार्ड खेळाडूला, बदली खेळाडूला अन २०१९ पासनं कोच-मॅनेजरला. पब्लिक हे आयोजकांचं काम. दोन वयस्कर माणसं दोरीपाशी फिरती ठेवा, ज्यांना गाव ओळखतं, आमच्याकडं एक रिटायर्ड मास्तर आहेत अन एक चाचा, त्यांचं टायरचं दुकान आहे. तरणी पोरं ठेवू नका, त्यांचीच मारामारी होते.

चाचांची पद्धत मी बघितलीय, अशी की शिवी देणाऱ्याकडं समोरनं जातच नाहीत. मागनं जातात, खांद्यावर हात ठेवतात.

"क्या रे, अब्बा कैसे है?"

"ठीक है चाचा."

"चल जरा, चाय पीते."

"मॅच चालू है ना चाचा."

"अरे दो मिनट. मेरे कू अकेले कू पीना नको लगता."

गेला तो. शिवीचा विषयच निघाला नाही. मास्तरांचं वेगळं, ते नुसते शेजारी जाऊन उभे राहतात अन खेळ बघतात, बोलत कायच नाहीत, पण दहावीला ज्यानं त्यांच्या हातचा मार खाल्लाय तो त्यांच्यासमोर आई-बहीण काढत नाही. चारचौघात "ए, बाहेर हो" म्हणलात तर तो माणूस मागं हटूच शकत नाही, त्याची बायको-पोरं, मित्र बघायलेत, मग तो उलट वाढवणार.

नाही ऐकलं तर बॉल बाहेर गेल्यावर कॅप्टनला सांगायचं, जा, तुझी माणसं आहेत, तूच सांग. कॅप्टन घामाघूम दोरीपाशी जाऊन हात जोडतो ना, ते कोणत्याबी पोलिसापेक्षा भारी.

तरी नाही ऐकलं तर मॅच थांबवायची, अन हा अधिकार रेफरीचा, फुटबॉलच्या नियमपुस्तकात नियम पाचमध्ये स्पष्ट आहे: बाहेरच्या व्यत्ययामुळं तो मॅच थांबवू शकतो, काही वेळ तहकूब करू शकतो, बंदच करू शकतो. थांबवली तर माइकवर एकच वाक्य, कोणाचं नाव न घेता: "प्रेक्षकांमधनं रेफरीला शिवीगाळ झाल्यामुळं खेळ थांबलाय, शांतता झाल्यावर सुरू होईल." मग गप. माइकवाल्यानं भाषण ठोकू नये. चालू खेळ यासाठी थांबवला असेल तर परत सुरू होतो तो ड्रॉप बॉलनं, म्हणजे रेफरी बॉल हातातनं खाली सोडतो. दुसऱ्यांदा तेच झालं तर दोन्ही टीम मैदानाबाहेर नेऊन पाच-दहा मिनिटं बसवा, तिसऱ्यांदा झालं तर बंद. फिफा वर्णद्वेषी शिव्यांसाठी हीच तीन पायऱ्यांची पद्धत वापरते. आमची एकदाच दुसऱ्या पायरीपर्यंत गेली, चीफ गेस्ट घड्याळ बघायलेत, आमचा जीव वर-खाली, पण त्या दहा मिनिटांत पब्लिकनंच त्या माणसाला बाहेर काढलं.

खेळाडूचं वेगळं. निर्णयावर कुरकुर केली तर पिवळं, शिवी दिली तर थेट लाल, यात रेफरीनं दया दाखवायची नाही, कारण खेळाडूला सूट मिळाली की दोरीपलीकडच्याला वाटतं चालतंय. स्थानिक स्पर्धेत सिन बिन पण ठेवता येतं, म्हणजे कुरकुरीबद्दल पिवळं मिळालं की काही वेळ बाहेर बसायचं. वेळ एकूण खेळाच्या दहा ते पंधरा टक्के असावी असं नियमांत आहे, तीस-तीस मिनिटांची मॅच असेल तर सहा ते नऊ मिनिटं. आम्ही सात ठेवलीत. पिवळ्या कार्डाला न भिणारी पोरं सात मिनिटं बाहेर बसायला लई भितात.

जातीवरनं शिवी आली तर चहा नाही

इथं मामा-काका, चल बाबा, हे कायच करायचं नाही. लगेच खेळ थांबवा, लगेच माणूस बाहेर. मराठवाड्यात राहतो आपण, ही शिवी कशी पडते अन पुढं काय होतं ते मला सांगायची गरज नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीच्या नावानं शिवी देणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. बाकी शिवीगाळीसाठी १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता लागू आहे, सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलण्याला कलम २९६, शांतता बिघडेल असा मुद्दाम अपमान केला तर ३५२, धमकीला ३५१. मारामारीची चिन्हं दिसली तर ११२ लावा, वाट बघू नका.

कलमं माइकवर वाचून दाखवू नका, त्यानं कोणी भीत नाही, उलट चेकाळतात. पण तक्रार करायची का नाही हे ज्याला शिवी पडली त्यानं ठरवायचं. आयोजकांनी "जाऊ दे ना, गावातलं गावात मिटवू" असं म्हणून त्याच्यावर दाब आणायचा नाही. हे मी आमच्याच कमिटीत बघितलंय अन मला त्याची लाज वाटते.

पोरगा रेफरी असेल तर

शाळेच्या, अंडर-१४ च्या मॅचला बऱ्याचदा कॉलेजचं पोरगं शिट्टी घेऊन उभं असतं. आमच्याकडं असाच एक होता, एकोणीस वर्षांचा, नियमपुस्तक पाठ, घड्याळ दोन लावायचा, एक बंद पडलं तर. एका पेनल्टीवरनं एका खेळाडूच्या वडलांनी त्याला अख्खा सेकंड हाफ धुतला. मी टेबलावर स्कोअर लिहीत बसलो होतो अन मला सगळं ऐकू येत होतं. मी उठलो नाही. वाटलं तीन मिनिटं राहिलीत, होईल. मॅच संपली तसा तो आला, शिट्टीची दोरी गळ्यातनं काढून टेबलावर नीट गुंडाळून ठेवली अन "सर, उद्याच्याला दुसरं कोणतरी बघा" म्हणला. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरं कोणतरी बघितलं, त्याला दोन हाफमध्ये टीमनं बाजू बदलायची असते हेपण सांगावं लागलं.

म्हणून पोरगा रेफरी असेल तर एक मोठा माणूस पूर्ण वेळ त्याच्या बाजूनं उभा पाहिजे, तेवढंच त्याचं काम. अन पालकांना मॅचच्या आधी गोळा करून सांगा की रेफरी पण कोणाचा तरी मुलगा आहे, वय सांगा त्याचं, नाव सांगा. नाव माहिती असलेल्याला शिवी द्यायला जीभ जरा अडखळते.

तोंडानं सुरू होतं ते तोंडावर थांबतंच असं नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहरात पोरांच्या मॅचला हौसेनं लाइनमनचा झेंडा धरणाऱ्या एका बापाला मॅच संपल्यावर समोरच्या टीमच्या पोरांनी लाथाबुक्क्यांनी मारलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा स्वतःचा मुलगा त्या मॅचमध्ये खेळत होता. नंतर ज्यांना शिक्षा झाली त्यांच्यात एका खेळाडूचा बाप पण होता. पुढच्या वीकेंडला तिथल्या फेडरेशननं देशभरातल्या हौशी मॅच बंद ठेवल्या.

मॅच संपल्यावर

शेवटची शिट्टी झाल्यावर पहिली दहा मिनिटं सगळ्यात वाईट. रेफरी अन दोन्ही लाइनमनना पब्लिकमधनं चालवू नका, टेबलाच्या मागनं वाट ठेवा अन त्यांची गाडी आधीच तिकडं लावून घ्या. दोघं जण गावाच्या बाहेर रोडला लागेपर्यंत सोबत. बक्षीस वितरण लगेच सुरू करा, लोकांचं लक्ष तिकडं जातं.

रेफरीला रिपोर्ट लिहायला कोपऱ्यात खुर्ची द्या. शब्द होते तसे लिहायचे, "अपशब्द वापरले" असं गुळमुळीत नाही, कितव्या मिनिटाला, कोणत्या बाजूनं, काय. टीमला निर्णयावर तक्रार असेल तर कॅप्टननं लेखी द्यायची, तोंडी कोणाचंच ऐकायचं नाही.

अन व्हॉट्सॲप ग्रुप त्या रात्री फक्त ॲडमिनला बोलता येईल असा करून टाका. सकाळी उघडा. रात्री अकराला जो रेफरीला फाडून खाणार असतो तो सकाळी गुड मॉर्निंग टाकतो.

राहिला बंदीचा विषय. मोकळं मैदान, तिकीट नाही, मग शिवी देणाऱ्याला अडवायचं कसं? आम्ही टीमकडनं अडवतो: तो माणूस दोरीच्या आसपास दिसला तर त्याच्या टीमची पुढची मॅच सुरूच होत नाही. एकदा अकरा पोरं आत उभी, रेफरी शिट्टी तोंडात धरून, अन त्यांचा कॅप्टन आपल्याच चुलत्याला गेटपर्यंत सोडायला चाललाय, असं बघितलंय मी.

सामान घेताना सुतळीचे दोन बंडल जास्त घ्या, एक बंडल दरवर्षी पोरं पतंगाला नेतात.